मॅगनीज नेटवर्क ओढतं, असं मी सांगायची

चिखल्याच्या फाट्यावर माझं मोबाइलचं दुकान आहे, आणि त्या दुकानात बसून मी कित्येक वर्षं एक चुकीची गोष्ट लोकांना छातीठोकपणे सांगत होते. 'तुमच्या धंद्यातले अनुभव लिहा' असं दिवाळी अंकवाल्यांनी म्हटलं तेव्हा मला पहिली हीच आठवली. शाबासकी मिळेल अशाही दोन-चार गोष्टी माझ्याजवळ आहेत, पण त्या मी इतक्या वेळा सांगितल्यात की आता मलाच कंटाळा येतो.

आधी धंदा सांगते. खेड्यातला मोबाइलवाला म्हणजे फक्त रिचार्ज मारणारा नव्हे. सिम द्यायचं, फुटलेली काच बदलायची, चार्जिंगच्या छिद्रातला धानाचा कोंडा सुईनं काढायचा, कोणाचा पासवर्ड हरवला तर त्याच्या बायकोचं नाव टाकून पाहायचं, त्यानं नाही उघडलं तर त्या दोघांचं भांडणही सोडवायचं. मी सुरुवात एसटीडी बूथपासून केली. आमचे हे इथल्या मॅगनीजच्या खाणीत वाइंडरवर होते. शाफ्टमधून माणसं आणि माल वर-खाली करतं ते यंत्र. कॉलनीत क्वार्टर मिळालं होतं आणि दिवसभर रिकामं बसणं माझ्या स्वभावात नाही. बूथ संपले, मोबाइल आले, तेव्हा तुमसरला जाऊन मी सोल्डरिंग शिकले. वर्गात मी एकटीच बाई. शिकवणारा मला 'ताई, गरम असते, सांभाळून' असं दर पाच मिनिटांनी म्हणायचा. जन्मभर चूल पेटवलेल्या बाईला हा माणूस गरम कशाला म्हणतात ते सांगत होता.

दुकानात पहिली दोन वर्षं गिऱ्हाईक आत डोकावून विचारायचं, "काकू, कोणी माणूस नाही का दुकानात?" मी म्हणायची, "मी आहे न." मग ते नाइलाजानं फोन पुढे करायचं आणि माझ्या तोंडाकडे बघत राहायचं, हिला जमते की नाही म्हणून. अशा वेळी तुम्ही एकदा जरी 'मला माहीत नाही' म्हणालात की संपलं. तो माणूस फोन उचलून दुसऱ्या दुकानात जाणार आणि बसमध्ये चौघांना सांगणार, की बाईमाणसाचं काम नाही ते. म्हणून मी ठरवून टाकलं होतं की प्रश्न कोणताही येवो, उत्तर द्यायचंच. पुष्कळदा ते बरोबर असायचं. नसलं तरी ते तोंडावर आत्मविश्वास ठेवून द्यायची मला सवय लागली.

तर मग रोजच्या डेट्याचे स्वस्त पॅक आले. लोक धडाधड व्हिडिओ बघायला लागले. आणि काही दिवसांनी एक विचित्र तक्रार सुरू झाली. व्हिडिओ थांबत नाही, गोल चक्र फिरत नाही, आवाजही स्वच्छ येतो, पण चित्र धुरकट. दिवाळीनंतर गावोगाव मंडई, म्हणजे जत्रा भरते, तेव्हा दंडारीचे, पुरुषच बायका होऊन नाचतात त्या खेळांचे व्हिडिओ निघतात. एक बाई आपल्या भाच्याला त्यात शोधत होती. तिला लुगडं नेसलेले सगळेच पुरुष सारखे दिसत होते. एका रिटायर गुरुजींनी तर या धुरकटपणापायी चष्म्याचा नंबर बदलून आणला. नवा चष्मा लावून माझ्याकडे आले आणि म्हणाले, "बाई, आता तुम्ही स्पष्ट दिसून राहिल्या, पण हा फोनातला माणूस काही दिसत नाही." एकाला मी नवा हँडसेट घ्यायला लावला. त्यातही तसंच दिसलं, तेव्हा त्यानं बिचाऱ्यानं मला काही म्हटलं नाही, पण पुढे रिचार्जसाठी तो दुसरीकडे जायला लागला.

मला कारण माहीत नव्हतं. एका बाजारच्या दिवशी दुकानात पाच-सहा माणसं उभी होती आणि त्यातल्या एकानं सगळ्यांसमोर विचारलं, "काकू, टॉवरच्या काड्या तं भरून आहेत, मंग व्हिडिओ काहून असा?" नेमका तेव्हाच समोरून काळा माल भरलेला टिप्पर गेला. मी म्हणून गेले, "अरे, पहाडात मॅगनीज आहे न आपल्या. ते लाटा ओढून घेते. आवाज हलका असतो, तो निसटते. चित्र जड, ते अडकते."

काय सांगू, लोकांना ते इतकं पटलं! आपल्या गावच्या दगडात एवढी ताकद आहे हे कोणाला आवडणार नाही? महिनाभरात ते सगळीकडे पोचलं. एकदा तुमसरच्या बसमध्ये कंडक्टर मलाच समजावून सांगत होता, "मॅडम, चिखल्यात नेटवर्क मॅगनीजमुळे पकडत नाही, शास्त्रीय कारण आहे ते." मी मान डोलावली. घरी हे मात्र जेवताना चिडवायचे. म्हणायचे, "खाणीतल्या दगडाले चुंबक बी धड चिकटत नाही, अन् तुह्यं नेटवर्क बरं चिकटते." मी म्हणायची, तुम्ही वाइंडर चालवा, मोबाइलचं मला शिकवू नका.

मग तेजराम आला.

तेजराम आंबागडचा. धानाची शेती असलेलं घर, किल्ल्याच्या पायथ्याशी. शेती भाऊ बघायचा आणि हा खाणीत ड्रिलरच्या हाताखाली होता. चाळिशीला आलेला, कमी बोलणारा माणूस. एक वर्षापूर्वी त्याच्या कामावरच्या जोडीदाराच्या पायावर छताचा दगड पडला होता. पाय वाचला, पण काम गेलं. खाणीत मेट नावाचा माणूस असतो. पाळी सुरू होण्याआधी तो आत जातो, सब्बलीनं, म्हणजे पहारीनं छत ठोकून आवाज ऐकतो, हवा बघतो, आणि मगच माणसांना आत सोडतो. त्या दिवशी मेटनं घाईत ठोकून पाहिलं नव्हतं, असं तेजरामचं म्हणणं. तेव्हापासून त्यानं मेटच्या परीक्षेचं डोक्यात घेतलं. मला म्हणाला, "काकू, मेट झालो तं आत जायचं का नाही जायचं, हे मी ठरवीन. दुसऱ्याच्या भरवशावर नाही."

परीक्षा नागपूरला, तोंडी. अभ्यासाला वर्ग नाही, पुस्तक हिंदीत मिळतं ते जुनं. मग कोणीतरी त्याला मोबाइलवरचे पाठ दाखवले. एक सर फळ्यावर सगळं लिहून शिकवतात. बोलून कमी, लिहून जास्त. तक्ता मांडायचा आणि 'ये उतार लो' म्हणून पुढे जायचं, अशी त्यांची पद्धत. तेजराम उतरवून घ्यायचा, पण आकडे दिसेनात. तीन की आठ, एक की सात, कळेना. तो माझ्याकडे आला आणि मी माझं उत्तर दिलं. मॅगनीज. इथं असंच राहणार.

दुसऱ्या कोणी मान डोलावून पाठ फिरवली असती. तेजराम तिथंच उभा राहिला आणि म्हणाला, "हाव का? मंग मी पाहून येतो."

"काय पाहून येतो?"

"जठी मॅगनीज नाही, तठी कसा दिसते ते."

सुट्ट्या मिळतील तसा फिरून, साडेतीन महिन्यांनी तो एक शाळेची वही घेऊन आला. आत उभ्या रेघा मारून तीन खाने केले होते. पहिला खाना चिखल्याचा, दुसरा आंबागडचा, तिसरा बपेऱ्याचा. बपेरा त्याची सासुरवाड, तिथून मध्य प्रदेशची हद्द जवळ, फोन कधीकधी पलीकडचा टॉवर पकडतो. तिन्ही ठिकाणी त्यानं एकच पाठ लावून बघितला होता. आंबागडला घराच्या अंगणात, तलावाच्या पाळीवर, आणि शिवाय किल्ल्यावर चढून. प्रत्येक ठिकाणी टॉवरच्या काड्या किती, हे लिहिलेलं. आणि प्रत्येक खान्यात शेवटी एकच शब्द. धुरकट. धुरकट. धुरकट.

"काकू," तो म्हणाला, "मॅगनीजचा पट्टा कुठून कुठं जाते, हे मले तुमच्यापेक्षा जास्त मालूम आहे. मी त्याच्यात रोज छिद्र पाडतो. आंबागडच्या आमच्या बांधीत धान होते, मॅगनीज नाही होत."

मी म्हटलं, पहाड तर पहाडच आहे, थोडंफार असेल. त्यानं वहीचं पान उलटलं.

"हेच पाह्यलो मी पुढं. दोस्तानं यातला एक पाठ फाइल करून धाडला. चिखल्यातच होतो मी, खाणीच्या गेटसमोर. फाइल दोन मिनिटात आली. उघडलो तं एकदम साफ. तोच फोन, तोच टॉवर, तीच जागा." आणि मग अगदी शांतपणे, खरंच जाणून घ्यायचं असल्यासारखं त्यानं विचारलं, "मॅगनीज फाइल सोडून देते अन् व्हिडिओच पकडते, असं होते का?"

दुकानात तेव्हा दुसरं कोणी नव्हतं हे माझं नशीब. माझे कान तापले. पण खरं सांगते, रागाच्या जोडीला मनात एक जुनी खाज उठली, लहानपणी घरचा रेडिओ उघडून बसायची तेव्हा उठायची तशी. हा माणूस बरोबर बोलत होता. मग हे होतं तरी कशामुळे?

दुरुस्तीच्या धंद्यातला पहिला धडा म्हणजे अदलाबदल. चार्जिंग होत नाही तर चार्जर बदलून बघा, नाही झालं तर बॅटरी बदलून बघा. दोष ज्याच्यासोबत जातो, त्याच्यात तो आहे. हे मी रोज दहा वेळा करत होते. त्या दिवशी तेजरामचं सिम काढून माझ्या फोनात घातलं. चित्र धुरकट. माझं सिम त्याच्या फोनात घातलं. माझ्या सिमवर महागाचा पॅक होता, दुकानदार म्हणून मिळालेला. फळ्यावरचा खडूचा कण न् कण दिसायला लागला. तेजराम काउंटरवर वाकून बघत राहिला. फोनचा दोष नव्हता, टॉवरचा नव्हता, पहाडाचा तर नव्हताच. पाच मिनिटांचं काम. इतक्या वर्षांत मी ते एकदाही केलं नव्हतं, कारण उत्तर माझ्याकडे आधीच तयार होतं.

मग मी मागे वळून भिंतीवरचं पॅकचं पोस्टर बघितलं. ते मीच चिकटवलेलं. मोठ्या अक्षरात रोजचा डेटा, फुकट बोलणं वगैरे. खाली मुंगीएवढ्या अक्षरांत चार ओळी. सर्किट बघायचं भिंग घेऊन स्टुलावर चढले आणि वाचलं. या पॅकवर व्हिडिओ साध्या दर्जात दिसेल, असं स्पष्ट लिहिलं होतं. स्पष्ट म्हणजे, भिंग असलं तर.

कंपनीचा माणूस दर आठवड्याला मोटरसायकलवर सिमचे डबे घेऊन यायचा. त्याला धरलं. तो म्हणाला, "हो न, काकू. स्वस्त पॅकवर व्हिडिओला थोडं दाबून ठेवतात. टॉवरवर गर्दी होते, म्हणून." मी विचारलं, मग हे सांगत का नाही? तो म्हणाला, "पोस्टरवर आहे न." असं करणं नियमात बसतं का, हेही विचारलं. तो हसला आणि हेल्मेट घातलं. मी त्यानंतर पुष्कळांना विचारलंय. कोणी हो म्हणतं, कोणी नाही म्हणतं.

मला मात्र वेगळंच कोडं पडलं होतं. कंपनीला कळतं कसं, की मी व्हिडिओ बघतेय? आतलं तर सगळं कुलूपबंद असतं म्हणतात. मग हळूहळू वाचून, विचारून समजलं ते असं. आमच्या रस्त्यानं टिप्पर जातात, वरून ताडपत्री बांधलेली. नाक्यावरचा माणूस ताडपत्री उचलत नाही. पण चाकं किती दबलीत आणि गाडी कुठून आली, यावरून त्याला आत माल कोणता ते बरोबर कळतं. तसंच इथं. व्हिडिओ कुठल्या पत्त्यावरून येतो आणि कसा न थांबता येतो, यावरून कंपनी ओळखते आणि तेवढीच वाट अरुंद करते. आता गंमत अशी, की व्हिडिओ दाखवणारं अॅपही हुशार असतं. वाट अरुंद दिसली की ते अडून बसत नाही, लहान चित्र पाठवतं. म्हणून चक्र फिरत नाही, व्हिडिओ थांबत नाही, फक्त धुरकट होतो. माणसाला वाटतं आपला फोन जुना झाला, नाहीतर डोळे गेले. ज्यानं केलं त्याच्याकडे बोट जातच नाही. हे समजलं तेव्हा मला त्या अकलेचं कौतुक वाटलं आणि लगेच त्या गुरुजींचा नवा चष्मा डोळ्यांपुढे आला.

सिमची अदलाबदल केली तेव्हा तेजरामची परीक्षा आठ दिवसांवर होती. मी माझं सिम त्याला दुकानातल्या दुकानात वापरायला दिलं. पाळी सुटली की तो दुकानात येऊन बसायचा, मी काउंटर सांभाळायची आणि तो जुने पाठ पुन्हा लावून वही तपासायचा. लाल पेननं दुरुस्त्या. कुठं तीनचा आठ झालेला, कुठं एकचा सात. पाठ चाळीसच्या वर होते, आठ दिवसांत सगळे होणं शक्य नव्हतं. शेवटच्या दिवशी मी विचारलं, "हवेचा पाठ राह्यला न रे?"

"तो सोडा काकू. तो तोंडपाठ आहे. झोपेत विचारा."

मीही म्हटलं, बरं.

नागपूरहून तो परत आला तो थेट दुकानात. तोंड बघूनच कळलं. मी पाणी दिलं. त्यानं वही उघडली, हवेच्या पाठाचं पान काढलं आणि एका आकड्यावर बोट ठेवलं. कार्बन डायऑक्साइड हवेत जास्तीत जास्त किती चालेल, त्यापुढे वहीत लिहिलं होतं, पाच टक्के.

"साहेबानं हेच विचारलं. मी मनलो पाच टक्के. साहेब मनते, पाच? तू तुझ्या माणसांना पाच टक्क्यात उभं करशील? ते चालत बाहेर येतील का उचलून आणावे लागतील? मंग पुढं काही विचारलंच नाही."

मी माझ्या फोनवर तो पाठ लावला. सरांनी फळ्यावर लिहिलं होतं, टिंब आणि पाच. अर्धा टक्का. टिंबाआधी शून्य नव्हतं, नुसतं टिंब. खडूचं इतकं बारीक, की मी चित्र थांबवून बोट ठेवलं तेव्हा त्याला दिसलं. धुरकट चित्रात ते असणंच शक्य नव्हतं. आणि तेच त्यानं चार महिने मान हलवत, डोळे मिटून पाठ केलं होतं.

मला कंपनीचा राग आला, त्या सरांचा आला, शून्य लिहायला काय झालं होतं म्हणून. मी बरंच बोलले असेन. तेजरामनं सगळं ऐकून घेतलं. मग वही बंद करत म्हणाला, "कंपनीनं तं पोस्टरवर लिहिलं होतं काकू, बारीक का असेना. मी पह्यल्या दिवशी तुमाले विचारलो, तवा तुमी 'मालूम नाही' मनल्या असत्या, तं मी दुसऱ्या कोणाले विचारलो असतो. चार महिन्याआधी."

आवाज चढवला नाही त्यानं. मला लाज वाटली. अशी लाज मला त्या सोल्डरिंगच्या वर्गात कधी वाटली नव्हती, की दुकानाच्या पहिल्या दिवसांतही नाही. त्या संध्याकाळी मी ह्यांना सगळं सांगितलं. मला वाटलं, आता चिडवतील. त्यांनी चिडवलं नाही. जेवण झाल्यावर म्हणाले, वाइंडरवर पहिल्या वर्षी खालून आलेली इशाऱ्याची घंटा त्यांना नीट ऐकू आली नाही तरी ऐकू आली असं समजून त्यांनी माणसं नेणारा पिंजरा हलवला होता. खाली कोणी नव्हतं म्हणून निभावलं. तीस वर्षांत हे त्यांनी मला सांगितलं नव्हतं.

दुसऱ्या दिवसापासून मी पॅक विकताना खालच्या चार ओळी वाचून दाखवायला लागले. गिऱ्हाईक कंटाळतं, "काकू, मारा न रिचार्ज लवकर" म्हणतं, तरी वाचते. आणि प्रश्नाचं उत्तर येत नसलं तर नाही म्हणते. पहिल्यांदा म्हटलं तेव्हा जीभ अडखळली. समोरचा माणूस फोन उचलून खरंच दुसऱ्या दुकानात गेला. पण दोन दिवसांनी परत आला, तिथं काय कळलं ते मला सांगायला. हे मला अपेक्षितच नव्हतं. आता असे बरेच येतात. मॅगनीजची गोष्ट मात्र अजून मेलेली नाही. मी स्वतः खोडून काढते तर लोक म्हणतात, "नाही काकू, तुमाले मालूम नसंल, शास्त्रीय आहे ते."

तेजरामनं पुढची परीक्षा दिली. या वेळी एकेक पाठ माझ्या सिमवर, पहिल्यापासून, नव्या वहीत. नागपूरहून तो आला तेव्हा मी चार्जिंगचं एक छिद्र साफ करत होते. सुई हातात तशीच राहिली. तो स्टुलावर बसला.

"सगळं आलं," तो म्हणाला. "शेवटी साहेबानं एक विचारलं, खाणीतल्या बंद पडलेल्या, खोदून सोडलेल्या जुन्या गाळ्याबद्दल. आत पाणी किती असंल, हवा कशी असंल, ते कसं ओळखशील. ते ना पाठात होतं, ना पुस्तकात."

"मंग?"

"मी मनलो, मालूम नाही साहेब. साहेब मनते, मंग काय करशील? मी मनलो, ज्याले मालूम आहे त्याले विचारीन. अन् तोवर एक बी माणूस आत सोडणार नाही. साहेबानं पेन खाली ठेवला, माह्याकडं पाह्यलं, अन् मनलं, जा. झाला तू मेट."

मी सुई खाली ठेवली. तो वही पिशवीत घालत म्हणाला, "हे तुमच्याच दुकानात शिकलो काकू." तो टोमणा नव्हता. मनापासून बोलत होता तो, म्हणूनच मला वर बघवेना.